कुणी न आखलेली नक्षी : तेल, चिंचोके आणि ठाणे स्टेशनचा पूल

रांगोळीत षटकोन काढायचे तर आधी ठिपके घालावे लागतात, आणि काढणारीच्या डोक्यात नक्षी आधीपासून तयार असते. तेलाच्या पातळ थराला खालून मंद आच दिली की त्यातही तसेच षटकोन उमटतात. तिथे मात्र ठिपके घालणारं कुणी नसतं. मग ते आले कुठून?

मी शाळेत विज्ञान शिकवत असे. निवृत्तीनंतर ठाण्यात चरईतल्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये रविवारी मुलं गोळा करून प्रयोग करते. हा प्रश्न मला इतर कुठल्याही प्रश्नापेक्षा जवळचा आहे, कारण त्याचं उत्तर वाचून पटत नाही. ते डोळ्यांदेखत घडताना बघावं लागतं. म्हणून इथे मी ते कसं बघायचं तेवढंच सांगणार आहे. सामान घरातलं किंवा जांभळी नाक्याच्या बाजारात मिळणारं आहे.

बघताना तीन गोष्टींवर नजर ठेवा. पहिली, इथला प्रत्येक घटक कुणाकडे बघून वागतोय? म्हणजे त्याला फक्त शेजारी माहीत आहेत की सगळा पट? दुसरी, आत काय येतंय आणि बाहेर काय जातंय? तिसरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: कुठली एक गोष्ट हळूहळू वाढवली की अचानक चित्र बदलतं? तो उंबरठा सापडेपर्यंत प्रयोग संपला असं समजू नका.

तेलातली घरं

सपाट आणि जाड बुडाचा पॅन घ्या. बूड मधून फुगलेलं असेल तर तेल कडेला साचतं आणि सगळं बिघडतं, त्यामुळे आधी थोडं पाणी घालून ते सगळीकडे सारखं पसरतंय का ते तपासा आणि पॅन अगदी कोरडा करा. पॅनखाली ठेवायला लोखंडी तवा लागेल, नाहीतर बर्नरच्या भोकांचा आकारच तेलात उमटेल आणि तुम्ही त्यालाच नक्षी समजाल. तेल शेंगदाण्याचं चालेल, सूर्यफुलाचंही चालेल. शिवाय चिमटीभर अभ्रकाची पूड लागेल. रेझिनच्या शोभेच्या वस्तू करण्याचं सामान जिथे मिळतं तिथे ती ‘मायका पावडर’ म्हणून मागा. सोनेरी किंवा तांब्याच्या रंगाची घेतली तर उत्तम दिसते. हे तेल नंतर स्वयंपाकात वापरायचं नाही.

थराची जाडी नेमकी हवी. बुडाचा व्यास २० सेंमी असेल तर ६० मिली तेलाने साधारण २ मिमीचा थर होतो. पूड घालून ढवळा. तवा सगळ्यात लहान बर्नरवर, अगदी मंद आचेवर ठेवा आणि तो कोमट झाला की त्यावर पॅन ठेवा. आता चमचा बाजूला ठेवून हात आवरा. हे मुलांना सगळ्यात जड जातं. बॅटरीचा उजेड तिरका पाडून बघत राहा.

आधी नुसते चमकदार पट्टे वाहताना दिसतात, काही धड नसतं. मग एखाद्या कडेला फुटकुळीएवढा ठिपका दिसतो, त्याला लागून दुसरा. बघता बघता ठिपक्यांच्या मधे गडद रेषा येतात, त्या एकमेकींना भिडतात आणि सगळा पॅन छोट्या घरांनी भरतो. काही घरं पाच बाजूंची असतात, काही सात, पण बहुतेक सहा. एका घराकडे नजर लावा. अभ्रकाचे कण मधोमध वर येतात, कडेकडे सरकतात आणि गडद रेषेत खाली जातात. प्रत्येक घर म्हणजे असं एक अखंड फिरणारं तेल. तेल चुरचुरण्याइतकं तापवायचं नाही आणि धूर तर अजिबात येऊ द्यायचा नाही. मोठं माणूस शेजारी असल्याशिवाय मुलांनी हा प्रयोग करू नये.

आता मोजा. पट्टी पॅनच्या वर आडवी धरून ओळीतल्या दहा घरांची लांबी बघा आणि दहाने भागा. घराची रुंदी थराच्या जाडीच्या साधारण तीन ते साडेतीन पट येते, म्हणजे २ मिमी तेलात सहा-सात मिमी. मग गॅस बंद करून तेल निवू द्या, आणखी ६० मिली घालून पुन्हा करा. थर दुप्पट झाला की घरंही जवळपास दुप्पट रुंद होतात. पॅन तोच, तेल तेच, आच तीच. घराचं माप कुणी ठरवलं नाही, ते थराच्या जाडीतून आलं. मला या मोजण्यातच खरा आनंद मिळतो, कारण नुसतं ‘किती सुंदर’ म्हणून सोडून दिलं तर हातात काही उरत नाही.

हे पहिल्यांदा नीट मोजून मांडलं ऑंरी बेनार यांनी, १९०० साली, पॅरिसमध्ये. १९१६ साली लॉर्ड रॅली यांनी त्याचं गणित मांडलं. खालचं तापलेलं द्रव हलकं होऊन वर येऊ बघतं, पण द्रवाचा चिकटपणा त्याला अडवतो, आणि वाटेत त्याची उष्णता आजूबाजूला पाझरून त्याचा हलकेपणाही जातो. या ओढाताणीला एक आकडा लावता येतो, त्याला रॅली अंक म्हणतात. खाली-वर दोन्हीकडे घट्ट पृष्ठभाग असेल तर तो १७०८ च्या वर जाईपर्यंत द्रव हलत नाही, उष्णता गुपचूप त्यातून निघून जाते. त्याच्या वर गेला की द्रव फिरू लागतं. हा झाला उंबरठा.

गंमत पुढे आहे. बेनार यांच्या पातळ थरात मुख्य जोर हलकेपणाचा नव्हताच, तो पृष्ठताणाचा होता, म्हणजे द्रवाचा वरचा थर ताणलेल्या पडद्यासारखा वागतो त्या ताणाचा. १९५८ साली पिअरसन यांनी त्याचं गणित दाखवलं. तुमच्या पॅनमध्येही तेच घडतं. पृष्ठभागावर एखादी जागा चुकून किंचित जास्त गरम झाली की तिथला ताण कमी होतो, भोवतालचं थंड तेल तिथल्या तेलाला आपल्याकडे खेचतं, रिकाम्या जागी खालून आणखी गरम तेल वर येतं आणि ती जागा आणखी तापते. एवढ्याशा फरकाने स्वतःलाच वाढवलं. असे ठिपके सगळीकडे वाढतात, शेजाऱ्यांना रेटतात आणि सगळ्या बाजूंनी सारखा रेटा असला की मधे फट न ठेवता बसणारा आकार षटकोन असतो. तेलाच्या कुठल्याही थेंबाला षटकोन माहीत नाही.

शेवटी गॅस बंद करा आणि घरं कशी विरतात तेही बघा. ही पायरी गाळू नका. खालून उष्णता येतेय आणि वरून हवेत जातेय तोवरच नक्षी आहे. ‘जगात पसारा वाढतच जातो असं शिकवता, मग इथे शिस्त कशी आली?’ असं नववीतलं एखादं मूल विचारतंच, आणि विचारायलाच हवं. पॅनमध्ये आलेल्या शिस्तीपेक्षा कितीतरी जास्त पसारा ती उष्णता खोलीभर पसरताना होतो, सगळा हिशेब धरला तर नियम मोडत नाही. सतत काहीतरी वाहत असल्यामुळे टिकणाऱ्या अशा रचनांच्या अभ्यासासाठी इल्या प्रिगोझिन यांना १९७७ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

शिस्तीचा दुसरा प्रकारही असतो, तो शेजारी ठेवून बघा. वाटीभर गरम पाण्यात मावेल तितकं मीठ विरघळवा आणि वाटी खिडकीत ठेवा. पाणी उडालं की तळाशी चौकोनी खडे दिसतात, आणि ते तसेच राहतात. त्यांना टिकायला काही वाहावं लागत नाही. खाडीकाठच्या मिठागरांत उन्हाळ्यात हेच चालतं. पावसाळ्यात मात्र हा प्रयोग करू नका. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ उलट हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि ठाण्यात जुलैत ती बहुतेक वेळ त्याच्या वरच असते.

चिंचोक्यांचा पट

तेलात नियम डोळ्यांना दिसत नाही, इथे तो आपणच घालून देतो. फरशीवर खडूने ३ बाय ३ चा पट आखा. प्रत्येक घरात ३ चिंचोके ठेवा, म्हणजे २७. नियम एकच: एखाद्या घरात चार किंवा त्याहून जास्त चिंचोके झाले की ते घर सांडतं, म्हणजे वर, खाली, डावीकडे, उजवीकडे एकेक चिंचोका देतं. पटाच्या बाहेर पडणारा चिंचोका बाजूच्या वाटीत टाकायचा.

आता मधल्या घरात एक चिंचोका ठेवा. ते सांडलं, चारही शेजारी चारवर गेले. ते सांडले, कोपरे भरले, मधलं घर पुन्हा चारवर आलं. सावकाश करत राहा. सगळं थांबेल तेव्हा चारही कोपऱ्यांत १, कडांच्या मधल्या घरांत ३ आणि मधोमध ० असेल. मधलं घर दोनदा सांडलेलं असेल आणि बाकीची आठ घरं एकेकदा, म्हणजे एका चिंचोक्याने दहा सांडण्या झाल्या आणि १२ चिंचोके पटाबाहेर गेले. पटावर १६ उरले. तुमची बेरीज वेगळी आली तर कुठेतरी एखादा चिंचोका द्यायचा राहिलाय.

खरी गोष्ट दोन गट करून दाखवा. दोन सारखे पट, दोघांचीही सुरुवात सारखीच, पण एका गटाने नेहमी वरच्या ओळीपासून सांडायचं आणि दुसऱ्याने त्यांना वाटेल तसं. आमच्याकडे हा खेळ झाला तेव्हा दुसऱ्या गटातल्या सातवीतल्या मुलीने ‘आम्ही मुद्दाम उलटं करतो, बघू कसं जुळतं’ म्हणून एक कोपरा शेवटपर्यंत तसाच अडवून धरला. त्यात पाच चिंचोके साठले, तरी ती हलेना. शेवटी सांडला, आणि दोन्ही पट घरागणिक जुळले. तिने स्वतः मोजले, मग पुन्हा एकदा मोजले. मी तिला लगेच कारण सांगितलं नाही. तिनेच शोधलं: ‘काकू, शेजारी सांडला तर माझ्या घरात चिंचोके वाढतातच, कमी कधी होतच नाहीत. म्हणजे जे घर सांडायचंय ते कधी ना कधी सांडणारच.’ क्रमाने शेवट का बदलत नाही, याच्या सिद्धतेचा गाभा हाच आहे.

हा पट पेर बाक, चाओ तांग आणि कुर्ट वीझनफेल्ड या तिघांनी १९८७ साली मांडला, वाळूच्या ढिगाचं सोपं रूप म्हणून. क्रम कुठलाही घेतला तरी शेवट एकच, हा गुण १९९० साली दीपक धर यांनी सिद्ध केला आणि त्यावर या पटाचं सगळं गणित उभं केलं. ते तेव्हा आपल्याच कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. सांख्यिकीय भौतिकशास्त्रातला मोठा सन्मान असलेलं बोल्ट्झमन पदक त्यांना २०२२ साली मिळालं, आणि ते मिळवणारे ते पहिले भारतीय. मुलांना हे मी आवर्जून सांगते. ज्या गोष्टीवर त्यांनी फरशीवर बसून वाद घातला, तिच्यावर काम करणारा माणूस आपल्या लोकलच्या टप्प्यात होता.

मग पट मोठा करा, ६ बाय ६, पूर्ण रिकामा. दोन फासे घ्या, एक ओळ सांगेल, दुसरा रकाना. पडेल त्या घरात एक चिंचोका टाका, सांडणं पूर्ण थांबू द्या, किती सांडण्या झाल्या ते वहीत लिहा, मग पुढचा टाका. दीडशे चिंचोके जवळ असू द्या. सुरुवातीला कितीतरी वेळ वहीत नुसती शून्यं येतात आणि मुलं कंटाळतात. तेवढं निभावून न्या. पट भरत आला की एखादी सांडणी, मग दोन, मग पुन्हा शून्य, आणि अचानक एक चिंचोका अर्धा पट हलवून जातो. यापुढे पटावरच्या चिंचोक्यांची संख्या थोडी वरखाली होत राहते, पण एका पातळीच्या आसपासच. सरासरी जितके आत येतात तितकेच बाहेर जातात. मोठ्या पटावर ही पातळी दर घराला २ पेक्षा थोडी जास्त असते. लहान पटाला काठच जास्त, त्यामुळे तुमची थोडी कमी येईल.

वहीतले आकडे मोजा. शून्य सगळ्यात जास्त, लहान सांडण्या पुष्कळ, मोठ्या थोड्या, फार मोठ्या क्वचित. ‘साधारण एवढी’ असा एक ठरलेला आकार निघत नाही. आणि मोठी सांडणी घडवणारा चिंचोका इतरांसारखाच होता. तेलात उंबरठ्यापर्यंत पोचायला आच आपण देत होतो. इथे पट आपला आपण उंबरठ्यावर जाऊन बसतो आणि तिथेच राहतो. या विषयात मला थक्क करणारी गोष्ट कुठली असं विचाराल तर ही.

एक फेरफार जरूर करा. काठावरून पडणारा चिंचोका वाटीत न टाकता समोरच्या काठाने पुन्हा आत घाला. काही वेळ सगळं ठीक चालतं, मग एक क्षण असा येतो की सांडणं थांबतच नाही. ६ बाय ६ च्या पटावर १०८ च्या वर चिंचोके गेले की थांबणं शक्यच नाही, कारण ३६ घरांत प्रत्येकी तीनच मावतात. बाहेर जायची वाट बंद केली की शिस्त गेली.

खरी वाळू या नियमाने वागेलच असं नाही, हेही मुलांना सांगावं. १९९६ साली ऑस्लोमध्ये तांदळाचे ढीग करून बघितले. लांब दाण्याच्या ढिगात असे सगळ्या आकारांचे घसरे मिळाले, गोलसर दाण्याच्या ढिगात मिळाले नाहीत. गोल दाणा एकदा सुटला की वेगाने घरंगळतच जातो, लांब दाणा अडकतो. ताटात बासमती आणि आंबेमोहोर शेजारी शेजारी, एकेक दाणा सोडत रचून बघा. आकडे नाही मिळणार, पण वागण्यातला फरक नजरेला कळतो.

पुलावर

तिसरी जागा ठाणे स्टेशनवरचा पादचारी पूल. इथे तुम्ही काहीच करायचं नाही, फक्त उभं राहायचं, तेही जिन्यावर किंवा जिन्याच्या तोंडाशी नाही, तर पुलाच्या रुंद भागात कठड्याला टेकून. पहिल्यांदा जाल तेव्हा गर्दीची वेळ टाळून दुपारी जा.

पुलावरची एक आडवी तुळई निवडा आणि ती ओलांडणाऱ्या माणसांचे दिशेनुसार पट्टे मोजा: आधी पूर्वेला जाणारे, मग पश्चिमेला, मग पुन्हा पूर्वेला. तुरळक माणसं असतील तेव्हा पट्टे नसतात, प्रत्येकाला मोकळी वाट असते. एक लोकल येते, जिन्यावरून लोंढा वर येतो, समोरून दुसऱ्या फलाटावरचा येतो आणि थोड्याच वेळात दोन-तीन-चार पट्टे पडतात. कुणी दोरी बांधलेली नाही, शिपाई नाही. कारण साधं आहे. समोरून येणाऱ्याला चुकवत चुकवत माणूस बाजूला सरकतो, आणि आपल्याच दिशेने जाणाऱ्या कुणाच्या पाठीमागे पोचला की धक्के कमी होतात, म्हणून तिथेच टिकतो. १९९५ साली डिर्क हेल्बिंग आणि पेटर मोल्नार यांनी नेमक्या एवढ्याच नियमावर संगणकात माणसं चालवली, आणि ‘डावीकडून चाला’ असं न सांगता पट्टे पडले.

अरुंद तोंडाशी वेगळीच गोष्ट दिसते. तिथे दोन्ही दिशा एकदम मावत नाहीत, तेव्हा काही वेळ एकीकडचे जातात, मग दुसरीकडचे. एकजण घुसला की त्याच्या मागचे त्याच वाटेने येतात, आणि त्या बाजूचा रेटा ओसरला की पलीकडचा कुणी आत शिरतो. एक पाळी किती वेळ टिकते ते घड्याळ लावून लिहा.

पुलावर आपल्याला काही बदलता येत नाही, म्हणून उंबरठा शोधायला सोसायटीच्या खालच्या पार्किंगमध्ये या. दोन खांबांच्या मधे एक अरुंद वाट आखा, दोन्ही टोकांना मुलं उभी करा आणि सरळ पलीकडे चालायला सांगा. पट्टे पडतात. मग तेच, पण प्रत्येकाने चालताना मनाला येईल तसं डावी-उजवीकडे झोकांड्या खात जायचं. थोड्या झोकांड्यांनी फरक पडत नाही. त्या वाढवत नेल्या की पट्टे मोडतात, मुलं समोरासमोर येतात आणि वाट तुंबते. हेल्बिंग आणि सहकाऱ्यांना २००० साली संगणकात हेच मिळालं: जास्त हालचाल म्हणजे जास्त मोकळेपणा नाही, एका मर्यादेनंतर सगळं गोठतं. पळायला मात्र कुणाला देऊ नका, चालायचंच.

याच नजरेने आणखी पुढे जायचं असेल तर ओहोटीला ऐरोलीच्या पुलावरून किंवा कोपरीच्या बाजूने खाडीचा चिखल बघा. त्यात झाडाच्या फांद्यांसारखे ओहोळ फुटलेले असतात. तेच तीन प्रश्न विचारा. पाण्याला शेजारची जरा खोल जागा तेवढी कळते. तिथे जास्त पाणी वाहतं, म्हणून ती आणखी खणली जाते. भरती-ओहोटी दिवसातून दोनदा पाणी आत-बाहेर नेते. नक्षी दिसली की लगेच ‘आपोआप झालं’ म्हणू नका. सिमेंटने बांधलेला सरळ नालाही त्याच चिखलात उतरतो, आणि तो कुणीतरी आखलेला असतो. जायच्या आधी त्या दिवशीची ओहोटीची वेळ बघून ठेवा, पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी पोचा म्हणजे पाणी उतरताना ओहोळ उघडे पडत जाताना दिसतील. दुर्बीण असेल तर घ्या, आणि चिखलात उतरू नका, तो कमरेपर्यंत आत घेतो.